वाटणी

टेबट म्हणाले, आधी डोळा बघ.
ऊस लावताना माझे काका म्हणायचे तेच,
फक्त हे केटरिंगमध्ये, काचेच्या खोपटात,
मार्चच्या सकाळी, पायाशी पॅराफिनचा हीटर
आणि बाहेर गाड्यांच्या काचा गोठलेल्या.

बोर्निओकडची ही. सिलॉजिनी पांडुराटा.
नाव मला नीट घेता येत नाही, त्यांनाही येत नाही,
म्हणून आम्ही दोघंही तिला नुसतं 'ती' म्हणतो.
फूल कैरीच्या सालीसारखं हिरवं, आणि ओठावर
कुणी दौत लवंडावी तशी काळी शाई.
वास मधाचा. आठ दिवस, की संपलं.
त्या आठ दिवसांसाठी माणूस वर्षभर इंधनाला पैसे घालतो.

टेबटनी चाळीस वर्षं कारखान्यात बुटांचं कातडं कापलं.
त्याच वाकड्या सुरीनं, ज्योतीवर धरून,
त्यांनी दोन कंदांमधलं आडवं खोड तोडलं,
एका दमात, सुरी जराही न अडखळता.
जखमेवर दाबायला मी घरून दालचिनीची पूड नेली होती,
मसाल्याच्या डब्यातली. त्यांनी हुंगली.
म्हणाले, ॲपल पाय.
मी म्हटलं, बुरशीसाठी.

किमान तीन कंद, हा त्यांचा नियम.
एकाला बळ नसतं, दोन एकमेकांकडे बघत बसतात,
तीन असले की एखादा तरी कामाला लागतो.

पाटीवर पेन्सिलीनं: 'ऑड्री पेलकडून, १९६८'.
त्याखाली पुसट, आणखी कुणाचं तरी नाव.
ऑड्री गेल्या. त्यांना देणारेही गेले असणार.
ही गेली नाही. हे काही बियांचं लेकरू नव्हे,
हीच ती, जी कधीतरी ओढ्यावरच्या फांदीला धरून होती,
कापत कापत इथवर आलेली,
आता माझ्या न्हाणीघरात, टबाच्या कडेवर.

याला मराठीत मला एकच शब्द सुचतो, वाटणी.
आमच्याकडे ती झाली की विहिरीला पाळ्या लागतात,
आंब्याला कुंपण,
आणि बहिणींना टपालानं हक्कसोडपत्र.
माझं फेब्रुवारीपासून खणात पडलंय.
सही कुठं करायची तिथं प्रल्हाददादानं फुल्या मारल्यात,
प्रेमानंच मारल्यात. सोबत चिठ्ठी:
तू कुठं येणार आहेस आता.

एप्रिल गेला, मे गेला. कंदांना सुरकुत्या पडल्या.
नळाचं पाणी चुन्याचं, म्हणून पिंपात पाऊस धरला,
किटलीनं कोमट करून घातला. काही नाही.
टेबटना फोन केला. म्हणाले, हलवू नकोस,
रुसलीय, तुझ्यावर नाही, माझ्या सुरीवर.

जुलैत मधल्या कंदाच्या बुडाशी
हिरव्या तांदळाएवढं काहीतरी.
मी रात्रपाळीहून आले होते, कोट अंगातच,
बसले टबाच्या कडेवर, तिच्याशेजारी.

ती वर वाढत नाही, चालते.
एकेका कंदाला चार बोटं, आडवी,
कुंडी संपली तरी थांबत नाही, मुळं हवेत.

एक गोष्ट टेबटना सांगितलेली नाही.
त्या दिवशी खाली एक कंद पडला होता, बिनपानाचा,
सुकलेला, खतात टाकायचा. मी तो खिशात घातला,
आइस्क्रीमच्या डब्यात ओल्या शेवाळावर ठेवला
आणि विसरले. एकटा. नियमाबाहेरचा.
चौदा महिन्यांनी झाकण उघडलं.

त्याच आठवड्यात दादाला फोन लावला.
म्हटलं, मला तीन सऱ्या ठेव. ओढ्याकडच्या. फक्त तीन.
तिकडे बराच वेळ मोटारीचा आवाज येत राहिला.
मग म्हणाला, आणि त्यात लावणार काय?